नृत्याचा पाया कोणी ठरवला?

अमेरिकेतील विद्यापीठांच्या नृत्यविभागांत विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात अभ्यासक्रमाची एक उतरंड गृहीत धरलेली होती. बॅले आणि आधुनिक नृत्य हे विषय सर्वांना अनिवार्य असत, कारण शरीर घडवण्याचे मूलभूत शिक्षण त्यांतूनच मिळते असे मानले जाई. पश्चिम आफ्रिकेतील व कॅरिबियन बेटांवरील नृत्ये, जाझ, टॅप, पुढे हिप-हॉप आणि भारतीय शैली हे विषय मात्र बहुधा ऐच्छिक असत, म्हणजे पाया पक्का झाल्यावर सवड उरली तर शिकायचे. या रचनेत वर्णद्वेषाचा एकही उघड शब्द नव्हता आणि ती राबवणारे अनेक शिक्षक स्वतःला उदारमतवादी समजत होते, त्यांतले काही खरोखर तसे होतेही. परंतु या रचनेत चार वर्षे काढणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला वेळापत्रकच सांगत असे की तिच्या समाजाने जपलेले नृत्यज्ञान हा नृत्यकलेचा अलंकार आहे, अधिष्ठान नव्हे. नृत्यशिक्षणातील वंशभेदाचा विचार करताना प्रवेश नाकारण्याच्या इतिहासाइतकेच लक्ष या वेळापत्रकाकडे द्यावे लागते, कारण येथे कोणाचाही अपमान न करता प्रतवारी पार पडत असते.

लेखाच्या ओघात वारंवार येणाऱ्या काही संज्ञांचा अर्थ आधी स्पष्ट केलेला बरा. बॅलेच्या नियमांविरुद्ध विसाव्या शतकाच्या आरंभी आधुनिक नृत्य उभे राहिले आणि १९६० नंतर त्याच्याही नियमांना आव्हान दिले गेले. या दोन्ही बंडांतून घडलेल्या रंगमंचीय प्रवाहाला समकालीन नृत्य म्हटले जाते. सर्जनशील नृत्य ही मुख्यतः अध्यापनाची पद्धती आहे: ठरीव पदन्यास घोटून घेण्याऐवजी अवकाश, काळ, वजन आणि ओघ या घटकांशी खेळत विद्यार्थ्याने स्वतःची हालचाल शोधावी, असा तिचा आग्रह असतो. सर्वसमावेशक अध्यापन वर्गात सर्वांना जागा मिळावी याची काळजी घेते. वंशभेदविरोधी अध्यापन त्याच्या पुढचा प्रश्न विचारते, तो असा की ज्या वर्गात ही जागा मिळणार आहे त्याचे निकष कोणाच्या शरीरावरून ठरवले गेले आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे. पहिले काम दुसऱ्यावाचून करता येते आणि बहुतेक संस्था तेवढ्यावर थांबतात.

सर्जनशील नृत्याच्या अमेरिकी परंपरेत मार्गारेट ह'डब्लर यांचे स्थान मोठे आहे. जीवशास्त्राच्या पदवीधर असलेल्या ह'डब्लर विस्कॉन्सिन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवीत आणि तेथेच १९२६ मध्ये नृत्य या विषयातील पहिला पदवी अभ्यासक्रम त्यांच्या प्रयत्नांतून सुरू झाला. विद्यार्थिनींना जमिनीवर झोपवून, सांधे कसे वळतात आणि वजन कसे सरकते याचा अनुभव घ्यायला लावायचा, शिक्षिकेने करून दाखवायचे नाही आणि कोणी कोणाची नक्कल करायची नाही, ही त्यांची पद्धत जॉन ड्यूई यांच्या अनुभवाधारित शिक्षणविचाराशी जुळणारी होती. तिने नृत्य हे मोजक्या देखण्या, सडपातळ मुलींच्या मक्तेदारीतून सोडवले, हे तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत एक गृहीतक दडलेले होते: सांधा, स्नायू आणि गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच असल्यामुळे त्यांतून उमलणारी हालचालही संस्कृतीच्या आधीची, नैसर्गिक आणि तटस्थ असते. प्रत्यक्षात ज्या मुलीच्या घरी ढोलाच्या दुहेरी-तिहेरी तालावर कंबर आणि खांदे वेगवेगळे बोलत आले आहेत तिची सहज हालचाल एक असते आणि जिच्या घरी स्थिर धड हे सभ्यतेचे लक्षण मानले गेले आहे तिची दुसरी. यांपैकी दुसरी नैसर्गिक आणि पहिली सांस्कृतिक ठरावी, हा निर्णय शरीरशास्त्राने दिलेला नसतो.

वैश्विकतेचा हा दावा किती निसरडा आहे याचा कठोर पुरावा युरोपात मिळतो. रुडॉल्फ लाबान हे हालचालीच्या विश्लेषणाचे आणि नृत्यलेखनाचे प्रवर्तक. सामान्य माणसांना शेकड्यांनी एकत्र नाचवणारी त्यांची हालचालींची वृंदगाने जर्मनीत लोकप्रिय होती. नात्सी सत्तेच्या आरंभीच्या वर्षांत ते जर्मन नृत्याच्या सरकारी यंत्रणेत वरच्या पदावर होते, आणि १९३३ मध्ये बर्लिनच्या ऑपेरातील बालनृत्यवर्गातून ज्यूवंशीय मुलांना वगळण्याची सुरुवात त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी बसवलेला भव्य प्रयोग गोबेल्सने रोखला, त्यानंतर ते मर्जीतून उतरले आणि १९३८ मध्ये इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे आश्रयाला आले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शैक्षणिक नृत्यविषयक पुस्तकाने ब्रिटिश शाळांतील सर्जनशील नृत्याला आकार दिला आणि प्रत्येक मुलात नृत्य आहे ही घोषणा तेथून जगभर पसरली. त्याच डार्टिंग्टनमध्ये त्यांच्या आधी चार वर्षे कुर्ट योस येऊन पोचले होते. आपल्या मंडळीतील ज्यू सहकाऱ्यांना, विशेषतः संगीतकार फ्रित्स कोहेन यांना, काढून टाकण्याचा आदेश नाकारून त्यांनी १९३३ मध्ये मंडळीसह देश सोडला होता. योस हे लाबान यांचेच शिष्य. दोघांची नृत्यविषयक मते बरीचशी समान असूनही वर्गातून कोणाला बाहेर काढायचे या प्रश्नावर दोघांनी वेगळी उत्तरे दिली. म्हणजे हालचालीच्या मानवतावादी सिद्धान्तातून समतेचे आचरण आपोआप निघत नाही, ते वेगळे ठरवावे लागते.

डार्टिंग्टनचा धागा भारतापर्यंत येतो. तेथील संस्थापक लेनर्ड एल्महर्स्ट यांनी त्यापूर्वी रवींद्रनाथ ठाकुरांसोबत श्रीनिकेतनमध्ये काम केले होते, आणि एल्महर्स्ट दांपत्याच्या आर्थिक साहाय्यातून उदय शंकर यांचे अल्मोडा येथील केंद्र १९३८ मध्ये स्थापन झाले. या केंद्रात कथकळी, भरतनाट्यम आणि मणिपुरी यांचे गुरू वेगवेगळे वर्ग घेत, तर उदय शंकर स्वतः तात्काळ रचनेचे आणि निरीक्षणाचे पाठ देत. कोणतीही एक शैली पाया आणि इतर ऐच्छिक अशी विभागणी तेथे नव्हती. हे केंद्र काही वर्षांतच बंद पडले, तरी तेथे शिकलेले गुरुदत्त पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आले, तसेच शांती बर्धन आणि सचिन शंकर यांनी मुंबईत आपापल्या नृत्यमंडळ्या उभारल्या. भारतीय सर्जनशील नृत्याचा हा मुंबईतला अध्याय स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे त्याची नोंद एवढ्यासाठी की बहुविध पायांवर उभा असलेला वर्ग ही कल्पना १९९० नंतरच्या बहुसांस्कृतिक धोरणांतून प्रथम जन्मली असे मानणे चूक आहे.

अमेरिकी आधुनिक नृत्याच्या आद्य प्रवर्तकांनी स्वतःच्या कलेचा जो इतिहास सांगितला त्यातही निवड होती. इझाडोरा डंकन यांनी मुक्त शरीराचा पुरस्कार केला, पण अमेरिकेच्या भावी नृत्याविषयी लिहिताना जाझच्या लयीला त्यांनी रानटी ठरवले आणि कंबरेखालच्या हालचालीला त्या नृत्यातून हद्दपार केले. रूथ सेंट डेनिस यांनी १९०६ मध्ये ‘राधा’ हे नृत्य रंगमंचावर आणून पौर्वात्य अध्यात्माच्या प्रवक्त्या म्हणून कीर्ती मिळवली. नृत्याच्या अभ्यासक प्रिया श्रीनिवासन यांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की त्या काळात अमेरिकेत येऊन मनोरंजनाच्या जत्रांत आणि रंगमंचांवर राबणारे भारतीय नर्तक-नर्तकी या कलानिर्मितीमागे होते, आणि इतिहासात सेंट डेनिस यांची प्रेरणा नोंदली गेली पण त्या माणसांचे श्रम नोंदले गेले नाहीत. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक दुवा यात आहे: गायकवाडांच्या बडोद्यात संगीतशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खान हे १९१० मध्ये भावांसह अमेरिकेला गेले आणि १९११ मध्ये सेंट डेनिस यांच्या दौऱ्यात त्यांच्या नृत्यांना साथ करीत फिरले. पुढे ते सूफी विचाराचे प्रसारक म्हणून पाश्चात्त्य जगाला परिचित झाले, परंतु आधुनिक नृत्याच्या पाठ्यपुस्तकांत या साथीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या सर्व काळात एक वेगळा मार्ग केवळ कल्पनेत नव्हे, तर प्रत्यक्ष वर्गात अस्तित्वात होता, आणि तो कॅथरिन डनम यांनी आखला होता. १९०९ मध्ये जन्मलेल्या डनम शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत असताना रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळवून १९३५ मध्ये कॅरिबियन बेटांवर गेल्या. जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती येथे त्यांनी नृत्यांचा अभ्यास केला, आणि हैतीत केवळ निरीक्षक न राहता वोडू धर्माची दीक्षाही घेतली. हैतीच्या नृत्यांवरील त्यांच्या अभ्यासाच्या फ्रेंच आवृत्तीला क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी प्रस्तावना लिहिली. या अभ्यासातून त्यांच्या हाती जे आले ते केवळ नव्या पदन्यासांचे भांडार नव्हते. नृत्याचे रूप आणि समाजातील त्याचे कार्य यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे त्यांच्या अध्यापनाचे पहिले सूत्र झाले. त्यामुळे सर्पदेवता दांबालाच्या उपासनेत नाचले जाणारे यान्व्हालू, ज्यात पाठीचा कणा लाटेसारखा वर-खाली वाहतो, ते शिकवताना देवता, समुदाय आणि गुडघे वाकवून जमिनीकडे झुकण्याचा अर्थ यांचे शिक्षण सोबत आलेच पाहिजे, असे त्या मानीत.

डनम पद्धतीचा वर्ग कसा चालतो हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात सिद्धान्त शरीरात उतरलेला दिसतो. वर्गाची सुरुवात श्वासाने होते. त्यानंतर बॅलेप्रमाणेच आधाराच्या दांडीपाशी काम होते, पण त्या दांडीपाशी धड ताठ धरून केवळ पाय हलवण्याऐवजी कणा, ओटीपोट आणि पाठ यांची लहर घडवली जाते. मग डोके, खांदे, बरगड्या आणि कंबर यांना एकमेकांपासून स्वतंत्र हलवण्याचे पाठ येतात. आणि शेवटी विद्यार्थी ओळीओळीने दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाचत जातात, ज्यात पावलांत एक ताल, खांद्यांत दुसरा आणि हातांत तिसरा असतो. हे सर्व प्रत्यक्ष वाजणाऱ्या ढोलांवर चालते आणि वादक हा साथीदार नसून सहशिक्षक असतो, कारण तो नर्तकाची चूक ऐकतो आणि तालातून उत्तर देतो. या पद्धतीने बॅलेला नाकारले नाही. बॅलेला अनेकांपैकी एक स्रोत म्हणून तिने सामावून घेतले. त्या काळाच्या मानाने हे मूलगामी होते, कारण प्रचलित व्यवस्थेत सामावून घेण्याचा अधिकार नेहमी बॅले-आधुनिक नृत्याकडे असे आणि सामावले जाण्याची पाळी इतरांवर येई.

१९४० च्या दशकाच्या मध्यास डनम यांनी न्यूयॉर्कमध्ये शाळा सुरू केली. तेथे नृत्य आणि नाट्याबरोबर मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान आणि भाषा शिकवल्या जात, आणि गोरे व कृष्णवर्णीय विद्यार्थी एकाच दालनात शिकत. शिकणाऱ्यांत अर्था किट होत्या, मार्लन ब्रँडो यांनीही तेथील वर्गांना हजेरी लावली. शाळेच्या कारभाराची मोठी जबाबदारी सिव्हिला फोर्ट यांच्याकडे होती. या फोर्ट यांच्याच नृत्यासाठी, सिअॅटलच्या एका छोट्या रंगमंचावर तालवाद्यवृंदाला जागा नसल्यामुळे, जॉन केज यांनी पियानोच्या तारांत स्क्रू आणि इतर वस्तू अडकवून त्याचे तालवाद्य बनवले होते. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात हा प्रसंग केज यांच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून शिकवला जातो, आणि ज्या कृष्णवर्णीय नर्तकीच्या गरजेतून तो घडला तिचे नाव बहुधा तळटीपेत राहते. वंशभेदविरोधी अध्यापनाला किती दूर मागे जाऊन श्रेयाचे वाटप पुन्हा करावे लागते, हे एवढ्या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

डनम यांच्या बाबतीत अध्यापन आणि सार्वजनिक आचरण वेगळे काढता येत नाही. १९४४ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे प्रेक्षागृहात कृष्णवर्णीयांना वेगळे बसवल्याचे पाहून त्यांनी प्रयोगानंतर रंगमंचावरूनच जाहीर केले की ही विभागणी संपेपर्यंत त्यांची मंडळी तेथे परतणार नाही. १९५० मध्ये ब्राझीलच्या साव पावलो शहरातील एका हॉटेलने त्यांना वर्णावरून खोली नाकारली. त्यांनी वाच्यता केल्यावर उठलेल्या क्षोभातून पुढच्याच वर्षी त्या देशात वर्णभेदाला गुन्हा ठरवणारा कायदा झाला. १९५१ मध्ये चिलीत त्यांनी ‘साउथलँड’ हे झुंडबळीवरील नृत्यनाट्य सादर केले, ते अमेरिकेच्या राजनैतिक वर्तुळाला रुचले नाही, आणि इतर मंडळ्यांना परदेश दौऱ्यांसाठी मिळणारा सरकारी पाठिंबा त्यांच्या वाट्याला आला नाही. एवढी निर्मिती, एवढा अभ्यास आणि स्वतंत्र अध्यापनपद्धती असूनही विद्यापीठांच्या पायाभूत अभ्यासक्रमांत मार्था ग्रॅहम आणि मर्स कनिंगहम यांची तंत्रे स्थिरावली आणि डनम तंत्र बहुतेक ठिकाणी वैकल्पिक राहिले. शरीराचे भाग स्वतंत्र हलवण्याचे त्यांचे पाठ मात्र जाझच्या असंख्य वर्गांत त्यांच्या नावाशिवाय शिकवले गेले.

१९६७ मध्ये त्यांनी इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुइस या शहरात प्रयोगकलांचे प्रशिक्षण केंद्र उभारले. १९१७ मध्ये भीषण वांशिक हत्याकांड पाहिलेले आणि कारखाने बंद होत गेल्यामुळे कफल्लक झालेले हे शहर त्यांनी निवडले, ते तेथील तरुणांना रस्त्यावरच्या टोळ्यांपासून दूर नेता यावे म्हणून. ढोलवादन आणि आत्मसंरक्षणाचे प्रकार यांनी मुलगे आत येत आणि नृत्यापर्यंत पोचत. आफ्रिकेतून आणि हैतीतून गुरू बोलावले जात. कलेतून सामाजिकीकरण, असे डनम या कामाला म्हणत. सुखवस्तू नृत्यमंडळींनी वंचित वस्तीत जाऊन दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आणि छायाचित्रे काढून परतायचे, हा जो प्रकार पुढे रूढ झाला त्याच्याशी या केंद्राची तुलना होऊ शकत नाही. डनम तेथे राहिल्या, शेजारी झाल्या आणि दशकानुदशके त्या शहराशी बांधलेल्या राहिल्या.

उतरंडीवरील सैद्धान्तिक टीका त्याच सुमारास सुरू झाली. जोॲन केआलीइनोहोमोकू या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधात बॅले हे एका विशिष्ट मानवसमूहाचे नृत्य आहे असे प्रतिपादन केले. चौकटीचा रंगमंच, लांब पायांचे प्रदर्शन, पंखधारी प्राणी, विवाहाचे आणि वसंताचे सोहळे, पडदा पडल्यावरचे अभिवादन ही सर्व त्या समूहाच्या चालीरीतींची लक्षणे तिने एखाद्या दूरच्या बेटावरील नृत्याची नोंद करावी तशी नोंदवली. निबंध लहान होता, पण त्याने बॅलेकडून तटस्थतेचे स्थान काढून घेतले. १९९६ मध्ये ब्रेंडा डिक्सन गॉट्सचाइल्ड यांनी उलट बाजूने तेच काम पूर्ण केले. अमेरिकी बॅलेचे जनक मानले जाणारे जॉर्ज बॅलन्शिन यांच्या रचनांतील तिरपी कंबर, तुटक लय, वेग आणि थंड चेहरा यांची मुळे त्यांनी आफ्रिकी सौंदर्यदृष्टीत दाखवली, आणि बॅलन्शिन यांनी ब्रॉडवेवर जोसेफिन बेकर आणि कॅथरिन डनम यांच्यासोबत केलेल्या कामाकडे लक्ष वेधले. त्यांच्या विवेचनानंतर पाया गोरा आणि सजावट काळी असा हिशेब मांडणे इतिहासाच्या दृष्टीनेच अशक्य झाले, कारण पायातच आफ्रिकी दगड होते.

वर्गाच्या दैनंदिन व्यवहारात या विचाराने काय बदलते, याची सुरुवात शरीराविषयीच्या सूचनांपासून होते. नितंब आत घ्या, पाठ सपाट करा, अशा सूचना पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध शरीरशास्त्र म्हणून दिल्या गेल्या. त्या ऐकताना अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना स्वतःच्या देहाची ठेवण हाच दोष वाटू लागे. जवोले विला जो झोलार यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या अर्बन बुश विमेन या मंडळीने १९९५ मधील ‘बॅटी मूव्ह्ज’ या रचनेत नितंबांच्या हालचालीचा उघड, आनंदी गौरव केला, आणि केसांविषयीच्या रचनेसाठी वस्त्यावस्त्यांत स्त्रियांना बोलावून केसांवर गप्पांच्या बैठकी भरवल्या. केस घट्ट बांधून गुळगुळीत अंबाडा घालण्याची सक्ती, किंवा गुलाबी टाइट्स आणि गुलाबी बूट हाच त्वचेचा रंग मानणारा गणवेश, यांकडे किरकोळ बाब म्हणून पाहता येत नाही. हार्लेमच्या डान्स थिएटरने १९७४ मध्ये प्रत्येक नर्तिकेच्या त्वचेशी जुळणारे टाइट्स आणि बूट वापरायला सुरुवात केली, तरी पॉइंट बूट बनवणाऱ्या लंडनच्या प्रसिद्ध फ्रीड कंपनीने तपकिरी छटांचे बूट बाजारात आणायला २०१८ साल उजाडले. तोवर नर्तिका स्वखर्चाने रंग विकत घेऊन तासन्‌तास बूट रंगवीत बसत.

दुसरा बदल दालनातील मांडणीचा आहे. आरशाकडे तोंड करून ओळींत उभे राहणे आणि पुढे शिक्षक, ही मांडणी युरोपीय शाळेतून आली. आफ्रिकी परंपरेतील वर्तुळ, जे गुलामीतील लोकांच्या उपासनेतल्या फेरनृत्यातून हिप-हॉपच्या रिंगणापर्यंत टिकून राहिले, ते शिक्षणाचे वेगळे तत्त्व सांगते. रिंगणात प्रत्येकजण एकदा मध्यभागी येतो आणि उरलेला वेळ टाळ्या, हाका आणि प्रतिसाद यांनी मधल्या नर्तकाला उभारी देतो. शांतपणे पाहणे हा तेथे आदर नसून अनास्था असते. सर्जनशील नृत्याच्या अनेक वर्गांत वर्तुळ वापरले जाते, पण त्याचे गोत्र सांगितले जात नाही आणि त्यातील हाक-प्रतिसाद गोंगाट समजून दडपला जातो. मराठी वाचकाला वारीतील रिंगण आणि कीर्तनातील टाळकऱ्यांची साथ ठाऊक असल्यामुळे हा मुद्दा फार समजावून सांगण्याची गरज नसावी.

मुक्त आविष्काराच्या पद्धतीही तपासाव्या लागतात, किंबहुना त्यांची तपासणी अधिक अवघड असते, कारण त्यांनी स्वतःला आधीच मुक्त घोषित केलेले असते. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या स्पर्शाधारित तात्काळ नृत्यात दोन शरीरे एकमेकांवर वजन टाकत, लोळत, तोलत पुढे जातात; मौन, सैल सुती कपडे, अनवाणी पाय आणि अखंड ओघ हे तेथील अलिखित नियम बनले. १९८३ मध्ये न्यूयॉर्क येथे इश्माएल ह्यूस्टन-जोन्स आणि फ्रेड हॉलंड या दोन कृष्णवर्णीय नर्तकांनी याच पद्धतीच्या महोत्सवात एक युगुलनृत्य केले आणि त्यासाठी स्वतःपुरता एक जाहीरनामा लिहिला, ज्यात हे सर्व नियम मोडण्याचे ठरवले होते: रस्त्यावरचे कपडे, जड बूट, मोठ्याने संगीत, नाचताना बोलणे आणि ओघात मुद्दाम अडथळे. त्या प्रयोगाने दाखवले की नियम नाहीत असे म्हणणाऱ्या दालनातही नियम असतात. अनोळखी गोऱ्या माणसाने विनासायास अंगाला हात लावणे, हे ज्या समाजाच्या इतिहासात विक्रीच्या बाजारापासून पोलिसी झडतीपर्यंत वेगळेच अर्थ घेऊन आले आहे, त्या समाजातील विद्यार्थ्याने स्पर्शाला नकार दिला तर तो संकोच किंवा अविश्वास म्हणून गुणपत्रिकेत उतरू नये, एवढी समज शिक्षकाला असणे आवश्यक आहे.

शिक्षणशास्त्रात या दिशेला आधार मिळाला तो ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्स यांच्या १९९० च्या दशकातील संशोधनातून. कृष्णवर्णीय मुलांचे यशस्वी शिक्षक नेमके काय करतात याचा अभ्यास करून त्यांनी मांडले की उच्च अपेक्षा, मुलांच्या स्वतःच्या संस्कृतीची जाण आणि विषमतेविषयी चिकित्सक दृष्टी या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. न्यामा मॅकार्थी-ब्राउन यांनी २०१७ मधील पुस्तकात हा विचार नृत्यवर्गात आणला. यातील तिसरी अट गाळून पहिल्या दोनांवर समाधान मानण्याची खोड संस्थांना लागते. मग फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना आला की एक आफ्रिकी नृत्य, एखाद्या पाहुण्याची कार्यशाळा आणि मार्चमध्ये पुन्हा मूळ वेळापत्रक. किंवा वर्गातील एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलीकडून तिच्या संपूर्ण वंशाच्या वतीने बोलण्याची अपेक्षा. किंवा कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने रचना केली तर ती दुःखाविषयी आणि अत्याचाराविषयीच असणार हे गृहीत धरणे, आणि अमूर्त, खेळकर, निव्वळ भौमितिक रचना करण्याचे स्वातंत्र्य गोऱ्या विद्यार्थ्यांपुरते राखणे. यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत कमी ओळखला जातो आणि कदाचित सर्वाधिक नुकसान करतो.

तटस्थ शरीराच्या कल्पनेमुळे अपंग नर्तकही बाहेर राहिले होते. ब्रिटनमधील कँडोको या मंडळीने १९९१ पासून अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांना एकत्र घेऊन समकालीन नृत्य घडवले. मुंबईला कर्मभूमी मानणारे अस्ताद देबू यांनी कोलकाता आणि चेन्नई येथील कर्णबधिर तरुणांसोबत दीर्घकाळ काम केले, आणि ऐकू न येणाऱ्या नर्तकांकडून मोजमापाची व दृष्टिसंकेतांची अशी काटेकोर शिस्त बसवून घेतली की त्यांच्या प्रयोगांना दयेच्या नजरेने पाहणे प्रेक्षकाला जमत नसे.

भारतीय नृत्ये या चर्चेत दोन्ही बाजूंना उभी दिसतात, आणि हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मिनियापोलिसमध्ये २००४ पासून अनन्या डान्स थिएटर चालवणाऱ्या अनन्या चॅटर्जी यांनी ओडिशी, मयूरभंज छाऊ आणि योग यांच्या आधारे स्वतंत्र तंत्र घडवले आणि समकालीन ठरण्यासाठी गोऱ्या युरोप-अमेरिकेच्या तंत्रातूनच जावे लागते या समजुतीला २०२० मधील ग्रंथात तपशीलवार आव्हान दिले. त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांच्याच शहरात जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि अमेरिकेतील अनेक नृत्यविभागांनी आपले अनिवार्य-ऐच्छिक हिशेब पुन्हा उघडले. परंतु परदेशी विद्यापीठात वंशभेदाची झळ सोसणारी भारतीय शास्त्रीय नृत्यशैली मायदेशी देवदासी आणि इसै वेळ्ळाळर समाजाकडून कशी काढून घेतली गेली, हा प्रश्नही त्याच दालनात विचारला जातो आणि विचारला गेला पाहिजे. वंश आणि जात एकच नव्हेत, पण श्रेय नाकारण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे. येरवड्यात वाढलेल्या आणि आता सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांनी २०२२ मधील ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनाचा इतिहास लिहिला. पठ्ठे बापूरावांचे नाव मराठी संस्कृतीच्या मानबिंदूंत कसे गेले आणि त्यांच्यासोबत फड गाजवणारी पवळा हिवरगावकर त्या मानाला कशी मुकली, हे त्यात वाचताना डनम आणि सिव्हिला फोर्ट यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परदेशातील मराठी मंडळांच्या अधिवेशनांत आणि घरगुती नृत्यवर्गांत आज लावणी हौसेने शिकवली जाते. तेथे नऊवारी, घुंगरू आणि ठेका यांच्यासोबत ही कला जिवंत ठेवणाऱ्या समाजांची नावे, त्यांची उपेक्षा आणि आजही संगीतबाऱ्यांत नाचणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न हेही शिकवले गेले, तर लावणीच्या आनंदात काही उणे येणार नाही.

शेवटी प्रश्न नेमणुकांचा आणि पैशांचा येतो, आणि विभागांच्या बैठका नेमक्या येथे लांबतात. बॅलेच्या वर्गाला पियानोवादक लागतो हे अंदाजपत्रकात न विचारता धरलेले असते. पश्चिम आफ्रिकी नृत्याच्या वर्गाला किमान दोन-तीन ढोलवादक लागतात, तेव्हा मात्र ध्वनिमुद्रित संगीतावर भागवण्याची सूचना येते, जरी वादकाशिवाय त्या वर्गातील अर्धे शिक्षणच नाहीसे होत असले तरी. आफ्रिकी किंवा कॅरिबियन परंपरेत तीस-चाळीस वर्षे मुरलेल्या गुरूकडे पदव्युत्तर पदवी नसते, म्हणून त्याला तासिका तत्त्वावर नेमले जाते, आणि तासिकेवरच्या माणसाला अभ्यासक्रम समितीत मत नसते. परिणामी ऐच्छिक विषयाला अनिवार्य करण्याचा ठराव मांडू शकणारी व्यक्तीच त्या खोलीत नसते. सेनेगलच्या किनाऱ्यावर तुबाब दियालाव येथे जर्मेन अकोन्यी यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या एकोल दे साब्ल या शाळेत हा क्रम उलटा आहे: तेथे कणा, जमीन आणि बाओबाब वृक्षाची प्रतिमा यांवर आधारलेले अकोन्यी यांचे तंत्र पायाभूत असते, आफ्रिका खंडातील पारंपरिक नृत्ये त्यासोबत शिकवली जातात, आणि युरोपातून नर्तक, पदवी असो वा नसो, ते शिकायला तेथे येतात.